दादाचा डावा कान

दादा गेल्याची खबर आली तेव्हा मी भाकरी थापत होते. दादाच्या बॅंडमधले दोघे बदनापूरहून आले आणि दारातच उभे राहिले. एकाच्या हातात दादाचा लाल कोट होता, नीट घडी घातलेला. लग्नात झांज वाजवता वाजवता तो खाली बसला आणि उठलाच नाही, एवढंच ते म्हणाले. भिंतीपलीकडे हॉटेलातल्या रेडिओवर नवं गाणं लागलं होतं. मी आधी त्याची सुरुवात ऐकली... मग रडले. त्याला आता सव्वा महिना झाला.

नवरा गेल्यावर मी जालन्याला, थोरल्या भावाच्या या एका खोलीत राहायला आले. निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं होतं. दादा क्लॅरिनेट वाजवायचा. बॅंडची रीत अशी, की गाण्याची सुरुवातीची धून क्लॅरिनेटने एकट्याने वाजवायची. तोवर बाकीचे श्वास धरून उभे. तेवढ्यात वऱ्हाडी "वा!" म्हणाले की ढोल पडायचा, पुढचं गाणं मग कसंही निभायचं. पण ढोलाशेजारी उभं राहून राहून दादाचा उजवा कान गेला, डावाही मंद झाला. रेडिओवरचं त्याला काही ऐकू येईना. बॅंडचे मालक करीमचाचा, त्यांना हे कळतं तर क्लॅरिनेट गेलं असतं, आणि त्यावाचून दादाला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून मी भिंतीला कान लावून नव्या गाण्यांची सुरुवात धरायची आणि त्याच्या डाव्या कानाशी गुणगुणायची. हळदीच्या गाण्यांना नुसते ओठ हलवणारी मी! दादा हसायचा. "मोठ्यानं म्हण की, बाई. बहिऱ्याला शिकवून राह्यलीस, चोरी करून न्हाई." पुढचं गाणं तो शेजारी वाजवणाऱ्या चाचांच्या बोटांकडे बघून वाजवायचा. अशी आठ वर्षं निघाली.

तीर्थपुरीच्या लग्नासाठी चाचांनी एक नवं गाणं सांगितलं. ते मी एकदाच ऐकलं होतं. हॉटेलवाल्याला मधेच रेडिओचं बटण फिरवायची खोड. एका गाण्याची सुरुवात झाली, त्याने बटण फिरवलं, आणि हे गाणं मधूनच लागलं. मला वाटलं, सगळं एकच. दादाने वरातीत ती सुरुवात वाजवली, लोक खूश झाले, ढोल पडला, आणि बॅंडमधून भलतंच गाणं निघालं. नवरदेवाचा मामा ओरडला म्हणे, "तोंड रामाचं अन् धड रावणाचं!" सगळी वरात हसली. दादा मान खाली घालून वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी चाचा घरी आले. दादाच्या उजव्या बाजूला बसून त्यांनी दोनदा विचारलं, "ही धून कोणी सांगितली?" दादा चुलीकडे बघत होता. चाचांनी त्याच्या उजव्या कानाकडे बघितलं. मग दाराआड उभ्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बेटी, तू सांगतीस ना त्याला? कुठल्याबी गाण्याची सुरुवात एक डाव म्हणून दाखव. बराबर निघाली तर क्लॅरिनेट त्याच्यापाशीच राहील. बिलकुल राहील."

चार सूर होते. पदर तोंडाशी गेला... चाचांनी खूप वेळ वाट बघितली. दादाला शब्द ऐकू आले नसतील, पण माझा चेहरा दिसत होता. तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या चाचा. तिला न्हाई जमायचं. मंग झांज द्या मला, तीबी वाजवावीच लागती की."

पुढच्या लग्नापासून तो मागच्या रांगेत गेला. त्यावरून मला कधी बोल लावला नाही. उलट संध्याकाळी पाटावर बसून डावा कान पुढे करायचा. "आज काय लागलं?" आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी मी म्हणायची, तो मान हलवायचा.

कोट खुंटीला आहे. पाट चुलीशी तसाच असतो, उचलायचं होत नाही. काल पलीकडे नवं गाणं लागलं, आणि भाकरी तव्यावर टाकून मी पाटाकडे वाकून त्याची सुरुवात म्हटली, मोठ्याने. हॉटेलातली बोलणी थांबली. कोणीतरी म्हणालं, "कोन गाऊन राह्यलं रे?" मी थांबले नाही. ढोल पडतो तिथपर्यंत म्हटलं. पुढचं मला येत नाही... कुठल्याच गाण्याचं येत नाही.