एक पकड आधीच

सांता क्लाराच्या ऑफिसात मीटिंग लांबली की शंतनू वैरागडेची नजर खिडकीबाहेर जाई. खाली पार्किंग लॉट असे. त्याला मात्र हिरवळ दिसे आणि तिच्यावर कुणीच उभं नसलेला एखादा कोपरा. मूळचा नागपूरचा हा चाळिशीतला इंजिनिअर शनिवारी सकाळी रग्बी लीग खेळे, हाफबॅक म्हणून. धिप्पाड गडी चेंडू घेऊन भिडत, पकडले जात. पाच पकडी झाल्या की चेंडू लाथेने लांब धाडायचा; सहावी झाली की तो समोरच्यांचा. कुठे धाडायचा, हे शंतनूने ठरवायचं.

"वरण उतू जातंय," बायको रेणू म्हणे. "गेलास ना परत मैदानावर?"

"वारा बघतोय गं."

"गॅसपाशी?"

यंदा सात नंबरची जर्सी हातची जायची वेळ आली होती. त्याच्या किका उंच, सुरेख जात आणि मागे वाटच पाहत असलेल्या, समोरच्या संघाच्या फुलबॅकच्या ओंजळीत अलगद उतरत.

"भाई, तू तो प्रसाद बाँटता है," फिजीहून आलेला कोच राज म्हणाला. "शनिवार को एक किक खाली जगह में गिरा. नहीं तो जर्सी अक्षत की."

अक्षत संघातला राखीव गडी, बावीस वर्षांचा, इथेच जन्मलेला.

शनिवारी मैदानावर धुकं होतं. माणसं त्यात विरघळत, पुन्हा उमटत. शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्यांच्या हातून चेंडू निसटला आणि शंतनूच्या गड्यांनी उचलला. अशा वेळी पहिली पकड हिशेबात धरत नाहीत, शून्यापासून मोजतात. तंद्रीत शंतनूने तीही मोजली. पाच झाल्या समजून त्याने चेंडू मागितला आणि लाथ मारली. झाल्या होत्या चारच.

किक पाचवीनंतरच येणार म्हणून फुलबॅक अजून मागे गेलाच नव्हता. चेंडू धुक्याखालून सरपटत, उड्या मारत निघाला, पार त्यांच्या कोपऱ्यात जाऊन रेघेबाहेर पडला. इतक्या लांबून इतकी नेमकी किक बसली की चेंडू मारणाऱ्याच्याच संघाला परत मिळतो.

"काका, फोर्थलाच किक? जीनियस!" बाहेरून अक्षत ओरडला.

सामन्यानंतर शंतनू राजकडे गेला. थाप खपली असती, पण त्याला ती मारवेना. "डाव नव्हता तो. मी मोजायला चुकलो."

राज डोळे पुसेपर्यंत हसला. "गिनती गलत, किक सही. सात नंबर तेरा ही रहेगा. अक्षत छह नंबर पर, तेरे बाजू में. वो गिनेगा, तू मारेगा."

सगळे पांगले. अक्षत तेवढा रेंगाळला. "काका, जागा रिकामी होणार हे आधी कळतं कसं?"

"फुलबॅकचे पाय बघायचे. चेंडूकडे काय, सगळेच बघतात."

धुकं हळूहळू वर उचललं जात होतं. मैदानावर कुणीही नव्हतं, तरी दोघं बराच वेळ कुणाचे तरी पाय बघत उभे राहिले.