जुबिलीचे अकरा वाजंत्री

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर विहिरीतून जिवंत निघालेलं प्रेतही पाहिलं. पण आज या वयात ओसरीवर बसलो की डोळ्यांपुढं जी केस उभी राहते, ती अकरा वाजंत्र्यांची. तिच्यात रक्ताचा थेंब नाही की चोरीचा माल नाही. कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या. सांगीन तर तीच सांगीन.

निजामाचं राज्य होतं. सरकारला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलूखभर जुबिली करायचा हुकूम सुटला. मी तेव्हा तालुक्याच्या ठाण्यात साधा जवान होतो. शिक्षण उर्दू तिसरीपर्यंत. पण अडलेलं काम माझ्याकडंच यायचं. हे मी म्हणत नाही, आमचे अमीनसाहेब म्हणायचे. अमीन म्हणजे आजचा फौजदार.

पंधरा दिवस ठाण्यात चोर धरायला कोणाला सवड नव्हती. भिंतींना चुना, दारांना गेरू, बिल्ल्यांना चिंच. एक पाकीटमार सापडला होता, त्यालाही आम्ही कमानीला आंब्याचे डहाळे बांधायला लावलं. हात हलका होता त्याचा, कमान झकास झाली. तहसिलीतून कार्यक्रमाचा कागद आला होता. शाळेच्या पोरांना साखर, गरिबांना जेवण, आणि मुख्य म्हणजे सकाळी दहा वाजता वेशीपासून कचेरीपर्यंत मिरवणूक. परभणीहून खुद्द अव्वल तालुकदार येणार होते. आजच्या कलेक्टराएवढा हुद्दा.

पलटणीचा बँड परभणीलाच अडकला होता. तालुक्याला आपले हलगी, सनई, संबळवालेच. एकच ताफा होता, अकरा जणांचा. त्यांचा म्होरक्या हलगी अशी वाजवायचा की गोठ्यातली जनावरं कान टवकारायची. त्यांना आणायचं काम माझ्यावर. मी आठ दिवस आधी वस्तीवर जाऊन हुकूम सांगून आलो. म्होरक्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "बोलायचं काय त्यात? यायचं." आणि निघून आलो.

जुबिलीच्या आदल्या दिवशी सकाळी रंगीत तालीम म्हणून बोलवायला गेलो, तर वस्तीत एक बाप्या नाही. खुंट्या रिकाम्या. हलग्या, सनया, संबळ, सगळं गायब.

अमीनसाहेब रोजनामचा लिहीत होते. त्यांचा टाक तिथंच थांबला.

"अकराच्या अकरा? ते बी जुबिलीच्या तोंडावर? ही बगावत हाय!"

"साहेब, बगावत करायला सनई कामून नेतील?"

"मला शहाणपण शिकवू नको. उद्या दहाच्या ठोक्याला वाजलं न्हाई, तर ते अकरा जण तुरुंगात अन् तू बिल्ला काढून घरी."

मी म्हटलं, "बिल्ला काढायची पाळी माझ्यावर आली न्हाई साहेब, अन् येनार बी न्हाई." एवढं बोलून बाहेर आलो आणि मग बिल्ला जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं. खरं ते सांगतो.

खबर मिळाली ती ठाण्याच्या पायरीवरच. एक कासारीण जुबिलीच्या जत्रेत बांगड्यांचं दुकान मांडायला जागा मागायला आली होती. मला जाता-येता पाहून म्हणाली, "जवानदादा, त्वांड कामून उतरलं? वाजंत्री पळाले म्हनं."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? जुबिलीनं तुमच्या डोळ्यावर झापड आणली. परवा त्याच वस्तीत म्होरक्याच्या धाकटीला हिरवा चुडा भरून आले मी. कोपरापोतूर. उगाच भरत्यात व्हय?"

मी तिला कमानीशेजारची जागा दिली. चुडा भरला म्हणजे लग्न. पण लग्न नवरीच्या दारी लागतं, आणि दारी तर मांडवाची मेढसुद्धा नव्हती. मग लग्न लागणार कुठं?

परत वस्तीवर गेलो. म्होरक्याची म्हातारी आई दारात शेळीला पाला टाकत बसली होती. मी समोर बसून रीतसर जबानी घ्यायला सुरुवात केली.

"आज्जे, ल्योक कुठंय?"

"गेला आसंल."

"कुठं?"

"त्यो काय मला इचारून जातोय? साठीचा झाला की त्यो."

"अन् नात?"

"ती बी गेली आसंल. पाय हायती तिला."

तेवढ्यात माझी नजर तिच्या हातांवर गेली. मनगटापर्यंत पिवळेधमक. मी विचारलं, "हात कशानं पिवळे झाले?"

म्हातारी डोळा न मिटता म्हणाली, "कावीळ झालीया."

"नुसत्या हाताला?"

"गरिबाला आजार बी अर्धाच येतो, साहेब."

तीन तास बसलो. शेळीला पाला घातला, पाणी पाजलं, म्हातारीनं मला गूळ दिला, पण ठिकाण काही दिलं नाही. पोलीस खात्यात पुढं भले भले गुन्हेगार पाहिले. असला पक्का जबाब कोणी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन जुबिलीला, तांबडं फुटतानाच मी आणि माझा एक मुसलमान जोडीदार जवान पूर्णेच्या काठाकडं निघालो. वस्तीच्या गाडीवाटेवर रात्रीतून उमटलेली बैलगाडीची ताजी चाकोरी तिकडंच गेली होती. नदीवर पोचलो आणि चाकोरी वाळूत हरवली. पलीकडं नुसती ज्वारी, दाणा भरत आलेली. शेताशेतातून धूर निघत होता.

जोडीदार म्हणाला, "हुरडा भुनरे लोगां. चलो भाई, खाके जाते."

मी त्याचा हात धरून थांबवला. हुरड्याची आगटी गोवऱ्यांची असते. तिचा धूर संथ, एकसारखा, तासभर तसाच निघत राहतो. पण लांब आमराईच्या मागं एक धूर वेगळाच होता. भडकन वर यायचा आणि विरून जायचा. पुन्हा भडकन वर, पुन्हा गायब. हा काडीकचऱ्याचा जाळ. माघातल्या दवानं हलगीचं कातडं ढिलं पडतं, तेव्हा वाजंत्री गवताची मूठ पेटवतो, त्यावर हलगी शेकतो, बोट मारून पाहतो, पुन्हा शेकतो.

"तो हुरडा न्हाई," मी म्हटलं. "ती आपली जुबिली हाय."

आमराईत शिरलो. हिरव्या फांद्यांचा मांडव, खाली सारवलेली जमीन, मध्ये हळदीची नवरी. बाजूला जाळाभोवती दहा जण हलग्या फिरवत बसलेले. आमची वर्दी दिसली तसे सगळ्यांचे हात थांबले. कावीळवाली आज्जी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. ती मात्र जागची हलली नाही.

म्होरक्या पुढं आला. डोक्याला फेटा, नवरीचा बाप म्हणून.

"साहेब, दोन घटका थांबा. आक्षता पडू द्या. मग बेड्या घाला, कुठं बी न्या."

मी आवाज चढवला. "मी हुकूम सांगायला आलतो, तवाच बोलायचं की लगीन हाय म्हणून!"

"बोलनार व्हतो. तुमी म्हनलात, बोलायचं काय त्यात." तो खाली बघत होता, पण आवाज हलला नाही. "थोरलीच्या लग्नाला बी तुमीच आलता, साहेब. चार वर्सं झाली. बडा हाकीम येनार व्हता. अंतरपाट धरला व्हता अन् तुमी अकरा बी जन उठवून नेले. समद्या तालुक्याच्या पोरी मी वाजवत सासरी धाडल्या. माझी पोरगी मुक्यानं गेली. धाकटीला तसं धाडनार न्हाई. मग ठाण्यात कातडं सोला माझं."

मला ते आठवलं. तासाभरात अकरा माणसं हजर केली म्हणून तेव्हा माझी पाठ थोपटली होती. दाराला तोरण होतं, आत मांडव होता, तेही आठवलं. पाहूनही मी विचारलं नव्हतं. बेगारीला न्यायच्या माणसाला कोण विचारतो, तुझ्या घरी आज काय आहे?

माणूस मी हेकट. चूक झाली असं तोंडानं म्हणायची सवय नाही. मी म्हटलं, "बेड्या मी आणल्याच न्हाईत. आक्षता कधी हायती ते सांग."

"दिवस कासराभर वर आला की. पर वऱ्हाड आजून पोचलं न्हाई."

हिशेब केला. अक्षता वेळेवर पडल्या तर कोसभर अंतर कापून दहाला वेस गाठता येत होती. वऱ्हाडाला उशीर झाला तर धाकटीचं लग्न तरी बिनवाजंत्रीचं, नाहीतर माझा बिल्ला तरी गेला. आम्ही दोघं नदीकडं पळालो. नवरदेवाच्या दोन्ही गाड्या पात्रातल्या ओल्या वाळूत रुतलेल्या. जुबिलीसाठी परीटघडीची वर्दी, चकचकीत बूट, आणि आम्ही चाकाला खांदा लावला. नवरदेवाचा मामा वरून ओरडत होता, "जोर लावा, शिपाई! सरकारचा पगार खाताव न्हवं?" माझा जोडीदार चिखलातून म्हणाला, "मामू, उतरो तो जरा वजन कम होता." मामा उतरला आणि ती गाडी निघाली, तिच्यामागं दुसरीही.

अक्षता पडल्या. त्या क्षणी हलग्या कडाडल्या, आमराईतले पोपट एकदम उडाले. म्होरक्याच्या हातात हलगी नव्हती, तो लेकीच्या मागं उभा होता. त्याची बोटं मात्र स्वतःच्या मांडीवर वाजत होती.

मी लगेच हुकूम दिला, "आता वरात! नवरा-नवरी गाडीत, वाजंत्री पुढं, समदं वऱ्हाड मागं. वाट धरा वेशीची!"

वेशीपाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तालुकदारसाहेब कमानीखाली उभे, तहसीलदार घामाघूम, अमीनसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा. हलगीचा आवाज ऐकला तसा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि मागची बैलगाडी दिसताच पुन्हा गेला. मुंडावळ्या बांधलेली जोडी, हळदीचं वऱ्हाड, आणि पुढं गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले दोन जवान.

तालुकदारांनी विचारलं, "ये क्या है?"

तहसीलदारांनी अमीनसाहेबांकडं पाहिलं, अमीनसाहेबांनी माझ्याकडं. मी पुढं होऊन टाचा जुळवल्या. बुटातलं पाणी पचकन बाहेर आलं. म्हटलं, "हुजूर, जुबिली के मुबारक दिन रैयत ने शादी रचाई. दूल्हा-दुल्हन सलाम करने को हाजिर हैं."

साहेब एक क्षण माझ्या बुटांकडं बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. त्यांच्या गळ्यातला हार त्यांनी काढून नवरदेवाच्या गळ्यात घातला. म्हणाले, मिरवणुकीत गाडी सगळ्यांच्या पुढं राहील. कचेरीच्या ओट्याची पायरी ज्यांना कधी चढू दिली नव्हती, त्या घरची नवरी त्या दिवशी ओट्यावर खुर्चीत बसली आणि साखर पहिली तिच्या हातावर पडली. कोणाकोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण तालुकदार हसतोय म्हटल्यावर आठ्या घालून उभं राहणं जड जातं.

साखर वाटून झाली, साहेब आत फराळाला गेले. तेव्हा म्होरक्या माझ्याकडं आला. मागं एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, शेजारी तिचा नवरा.

"साहेब, ही थोरली. परवानगी आसंल तर कमानीपासून हितवर आजून एक फेरी मारू का?"

थोरली लाजून लाल झाली. "बाबा, आता काय त्याचं? पोरगं झालं मला. लोक हसतील."

तिचा नवरा मात्र निघाला आणि कमानीखाली जाऊन नवरदेवासारखा ताठ उभा राहिला.

परवानगी देणारा मी कोण? पण दिली. "वाजव," म्हटलं, "अन् सरकारसाठी वाजवलं त्याच्यापेक्षा जोरात वाजव."

म्होरक्यानं हलगी स्वतः घेतली. तशी हलगी मी पुढं ऐकली नाही. लोकांना वाटलं, जुबिली अजून संपलेली नाही. शाळेची पोरं मागून नाचत निघाली. कासारणीनं दुकान सोडून थोरलीच्या हातात दोन बांगड्या चढवल्या. गलका ऐकून अमीनसाहेब धावत ओट्यावर आले. त्यांना वाटलं, कोणी बडा हुद्देदार उशिरा आला. त्यांनी थोरलीला आणि तिच्या नवऱ्याला खाडकन सलाम ठोकला. तिनं पदर सावरत मान हलवून तो घेतला. अमीनसाहेबांना खरं काय ते मी जन्मभर सांगितलं नाही.

पुढं ते राज्य गेलं, ठाण्यावरचा झेंडा बदलला, मी जवानाचा जमादार आणि जमादाराचा फौजदार झालो. त्या केसनं मला एक सवय लावली. हातात वॉरंट असलं तरी उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि आधी विचारायचं, आज घरात काही कार्य आहे का? असेल तर ते उरकेपर्यंत बाहेर बसायचं. यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण सवय सोडली नाही. एका कोंबडीचोरानं तर तिचा फायदा घेऊन एका वर्षात तीन बारशी सांगितली. तिसऱ्या खेपेला मी पाळणा बघायला आत गेलो. पाळण्यात कोंबडा होता. धरून नेलं, चोरालाही आणि कोंबड्यालाही. पण आधीच्या दोन बारशांना मी बाहेर थांबलो, याचं मला आजही वाईट वाटत नाही.