खात्री करून घेणारी माणसं

ओमानात, अल खौदच्या एका दवाखान्यात मी एकवीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. ओमानी म्हाताऱ्या, केरळी ड्रायव्हर, युनिव्हर्सिटीतली मुलं, पाकिस्तानी गवंडी, सगळ्यांच्या दंडाला एकच रबरी पट्टी बांधते. मूठ आवळा म्हणते आणि सुई घालते. यातल्या एकानंही मला 'तुम्ही मूळच्या कोण?' असं कधी विचारलेलं नाही. तो प्रश्न मला नेहमी आपल्याच माणसांनी विचारलाय, तोही हातात बशी धरून.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला पहिल्यांदा गेले तेव्हा एक बाई माझं '-कर' आडनाव ऐकून खूश झाल्या. मग पहिलं नाव ऐकलं आणि गोंधळल्या.

"वसईच्या का तुम्ही? ख्रिश्चन?"

"नाही हो. अलिबागकडच्या. ज्यू आहोत आम्ही, बेने इस्राएल."

हातातला करंडा त्यांनी जरासा मागे घेतला. "अय्या! मग मराठी इतकं छान कसं येतं?"

कोकणात आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची. शनिवारी बैल जुंपायची नाहीत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तेव्हा या बाईंचे पूर्वज काय करत होते, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. अशा माणसांचा मला राग येत नाही. ज्याला ठाऊकच नाही त्याचा राग काय करायचा? खरी किळस मला आली ती आमच्यातल्याच एका जाणत्या गृहस्थाची, आणि तीही माझ्याच घरात, अल हैलला, शुक्रवारच्या जेवणाला.

माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे. वाढली इथेच. मराठी बोलते, पण वाक्याच्या मध्यावर अडखळते आणि इंग्रजीला धरून पुढे सरकते. दुबईत नोकरीला असलेल्या आमच्यातल्याच एका मुलाशी तिची ओळख झाली होती. आठ-नऊ महिने दोघं बोलत होती. मुलगा दोनदा घरी येऊन गेला. शांत, टापटीप, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलणारा. मला आवडला होता. त्याचे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो काकांचा. हे काका ठाण्याचे, सत्तरीकडे झुकलेले, पुतण्याकडे महिनाभर राहायला आले होते. 'मुलीचं घर बघून घेऊ' म्हणून एका शुक्रवारी दोघं दुबईहून गाडीनं आले.

मी सुरमईचं नारळाच्या दुधातलं कालवण केलं होतं, बिरडं केलं होतं. नवरा पहाटेच सीबच्या मासळीबाजारात जाऊन मासा घेऊन आला होता. रुसैलच्या कारखान्यात तो चाळीस माणसांवर सुपरवायझर आहे, पण घरात पाहुणा आला की आपणच नोकर असल्यासारखा वावरतो.

काकांनी कालवणाची तोंडभरून स्तुती केली. दोनदा वाढून घेतलं. आणि मग, ताटातला भात चिवडत, बहिणीची गोष्ट सांगितली. त्यांची थोरली बहीण लग्न करायला म्हणून इस्राएलला गेली होती. नवरा मुलगा तिथेच राहणारा, पण दुसऱ्या देशातून आलेला ज्यू. लग्नाची नोंद करायला धर्मगुरूंच्या कचेरीत गेली तेव्हा समोरच्या माणसानं हिच्याकडे बघितलं आणि विचारलं, तुझी आई ज्यू होती याचा पुरावा काय? आईची आई? तिची आई?

"तीन दिवस ती त्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसली होती," काका म्हणाले. त्यांचा आवाज खरंच कापत होता. "दोन हजार वर्षं आम्ही शनिवार पाळला. देवळात पाय ठेवला नाही. आठव्या दिवशी सुंता केली. कुणी बघायला नसताना केलं हे सगळं! आणि हे कालचे पोरगे आम्हाला विचारणार, तुम्ही खरे का? शेवटी म्हणाले, पाण्यात बुडी मार, धर्मात नव्यानं ये, मग लग्न लावतो. ताई, माझ्या बहिणीनं तो अपमान गिळला. मरेपर्यंत विसरली नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हा माणूस आपला वाटला. माझ्या मुलीनं तर त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग तिनंच विचारलं, "काका, ते शोमरोनी लोक आहेत ना, समॅरिटन? मी ऑनलाइन वाचत होते. त्यांनापण असंच म्हणतात ना, की तुम्ही रिअल नाही?"

काकांनी तोंड असं केलं की जणू घासात खडा लागला.

"छे छे. त्यांचं वेगळं. ते आपले नव्हेतच. अश्शूरच्या राजानं बाहेरची माणसं आणून शोमरोनात वसवली, त्यांची ती प्रजा. अर्धा धर्म उचलला, अर्धा आपल्या मनाचा."

"पण ते स्वतः काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार! ते म्हणतात, आम्हीच मूळचे, इस्राएलच्या एफ्राईम-मनश्शे कुळांचे वंशज. वाट तुम्ही सोडली, म्हणतात. आहेत मूठभर, आणि ऐट बघा."

"म्हणजे त्यांनीपण शनिवार पाळला, सुंता केली, कुणी बघायला नसताना?"

"पाळला म्हणून काय झालं? पाळल्यानं रक्त बदलतं का?"

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, डीएनए टेस्टमध्ये ते आपल्या जवळचे निघतात म्हणे."

"टेस्टचं काय खरं असतं रे?" काकांनी हात झटकला. "टेस्ट काहीही सांगते. घराणं महत्त्वाचं. कागद महत्त्वाचा."

माझी मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं त्यांच्या हातावरचा हात कधी काढून घेतला ते मला कळलं नाही. बहिणीला ज्या शब्दांनी पायऱ्यांवर बसवलं, तेच शब्द हा माणूस दुसऱ्यांना लावत होता, आणि वर आणखी थोडं कालवण मागत होता. मी वाढलं.

मग त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला. त्यावर त्यांच्या घराण्याचा वृक्ष होता, स्वतः तयार केलेला, सुबक अक्षरातला. म्हणाले, "तुमच्याकडची नावं सांगा, जोडून घेऊ." नवऱ्यानं त्याची सांगितली. मी माझ्या आईचं गाव सांगितलं, मग आईच्या आईचं, रोह्याच्या बाजूचं. आणि बोलण्याच्या ओघात, काही विचार न करता, म्हणून गेले, "आजी सांगायची, प्रार्थनेला तिच्याकडची माणसं नेहमी मागे बसायची."

काकांचं पेन थांबलं. "मागे म्हणजे?"

हे आमच्याबाहेरच्या माणसांना सांगावं लागतं. कोकणात, जिथे सगळ्यांनाच कुणीतरी खालचं लागतं, तिथे आम्हीही आमच्यात दोन फळ्या केल्या होत्या. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. रंगाशी संबंध नाही, काळ्यांमध्ये माझ्या आजीसारख्या घाऱ्या डोळ्यांच्या गोऱ्यापान बायका होत्या. कधीतरी कुणा पूर्वजानं गावातली बाई केली, तिच्या पोटची ती काळी. मग त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांची भांडी वेगळी. देवाच्या नावानं प्याला फिरायचा तेव्हा गोऱ्यांचं पिऊन झाल्यावर त्यात उरलं तर यांना. पुढे हे सगळं मोडलं, निदान मोडलं असं सगळे म्हणतात. माझ्या आईबापांचं लग्न झालं ते त्यामुळेच.

"काळे होते ना ते?" काका म्हणाले.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. माझ्या तोंडून निघालं, "तसं अगदी नक्की नाही म्हणा... म्हणजे गावात बोलायचे लोक..."

ज्या बाईनं मला पोहे भिजवून प्रसादाचा मलीदा कसा करायचा ते शिकवलं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं शिकवलं, तिला मी ताटावरच्या माशीसारखी हाकलत होते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त शिसारी कुणाची आली असेल, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "होते. काळेच होते."

काकांनी कागदाची घडी घातली. व्यवस्थित, चार पदरी. ताटात भात होता, मासा होता. "पोट भरलं," म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले. मोरीत त्यांनी हात इतका वेळ धुतला की मला पाण्याचा आवाज असह्य झाला. त्यांचा पुतण्या ताटाकडे बघत बसून राहिला. माझ्या नवऱ्यानं काय करावं? त्यानं काकांना गाडीपर्यंत सोडलं आणि खजुराचा डबा दिला! चांगल्यातल्या खजुराचा, जो आम्ही मुलीच्या ठरण्याच्या दिवसासाठी आणून ठेवला होता.

"पाहुणा होता," नंतर तो मला म्हणाला.

चार दिवसांनी काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. भाषा लोण्यासारखी. 'आमच्या मनात काही नाही. काळ बदलला आहे. तरी पुढच्या पिढीला त्रास नको, म्हणून मुलीची एक डीएनए टेस्ट करून घ्यावी. किट आम्ही पाठवतो, फक्त लाळ द्यायची आहे. संशय नाही, केवळ खात्री.' खाली हात जोडलेल्याचं चित्र.

टेस्टचं काय खरं असतं, असं म्हणणारा हाच तो माणूस. शोमरोन्यांच्या बाजूनं निकाल लागला की टेस्ट काहीही सांगते, आणि माझ्या मुलीला पिंजऱ्यात उभं करायचं असलं की तीच टेस्ट देवाची वाणी. मी माझ्या हातानं हजारो नळ्या भरल्यात. रक्तातून साखर कळते, कावीळ कळते. कोण कुठल्या बाकावर बसायच्या लायकीचं आहे हे सांगणारी नळी मी अजून पाहिलेली नाही.

मी तो निरोप मुलीला दाखवला. तिनं तिथल्या तिथे मुलाला फोन लावला, स्पीकरवर. मला म्हणाली, "आई, तू बस."

"तू वाचलंस का हे?" तिनं त्याला विचारलं.

"हो. काकांनी दाखवलं मला."

"मग? तुझं काय म्हणणं?"

तो म्हणाला, "हे बघ, मला काही फरक पडत नाही. रिअली. पण काकांचं मन राखायला एकदा करून टाक ना. इट्स जस्ट स्पिट."

"आणि रिझल्ट खराब आला तर?"

"खराब कशाला येईल?"

"खराब म्हणजे काय ते सांग ना आधी."

काकांना संताप आला असता, निदान खोटं तरी बोलले असते. याला नुसतं काकांच्या आड लपता येत होतं. मुलीनं फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी तो एकटाच आला, काकांना न सांगता. एवढा रस्ता तुडवून आला याचं मला बरं वाटलं. दोघं किनाऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेली. अर्ध्या तासात ती परत आली. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "खलास."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आपण लग्न करू, पण तुझ्या आजीचं कुणाला सांगायचं नाही. काकांना तो सांगेल की टेस्ट केली, ओके आली."

मला एवढंच सुचलं की त्यानं निदान हा मार्ग तरी शोधला. मी तसं बोलूनही दाखवलं.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजीला परत मागे बसवायचं." वाक्य तिनं न अडखळता पूर्ण केलं.

महिन्याभरानं काकांनी मला फोन केला, ठाण्याहून. आवाजात मोठेपणा ओसंडत होता. "ताई, मुलीनं जरा घाईच केली. आम्ही मन मोठं करायला तयार होतो."

"काका," मी म्हणाले, "मोठं करायला ते आधी असावं लागतं."

ते काहीतरी बोलू लागले, वयाबद्दल, संस्कारांबद्दल. मी ऐकून घेतलं नाही. नंतर कळलं, समाजाच्या ग्रुपवर ते पुन्हा बहिणीची गोष्ट सांगतात. पायऱ्यांवरचे तीन दिवस, पाण्यातली बुडी. खाली पन्नास-साठ जण रडणारे चेहरे टाकतात. माझा नवरा त्या ग्रुपवर होता. एक दिवस कुणाशी काही न बोलता तो त्यातून बाहेर पडला. कालवण जेवताना मला म्हणाला, "तो खजूर द्यायला नको होता." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

मुलीनं मला नंतर आजीबद्दल सगळं विचारलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. आजीच्या वंशातली ती गावातली बाई कोण होती, कोळीण की आगरीण, तिचं नाव काय, ते मात्र मला सांगता आलं नाही. कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.