तीता मिलाचा हसायचा शॉट

तीता मिला गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावर होते. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत दोन्ही एकच होतं. समोर सासूबाई भेंडी चिरत होत्या, वर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, आणि फोनवर तीताच्या भाचीचा, ग्रेसचा, मेसेज आला. "तीता इज गॉन. सॉरी, कान्ट टॉक." मी मीटिंग बंद केली. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण फोन बघणाऱ्याचा चेहरा वाचायला त्या वर्षात आम्ही सगळेच शिकलो होतो. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "हसली होती का गं ती... शेवटी?" वाचणाऱ्याला हा प्रश्न विचित्र वाटेल. मला मात्र उत्तर माहीत होतं. हसायचं राहून गेलं होतं.

तीता म्हणजे फिलिपिनो लोकांची मावशी किंवा आत्या, जी काय म्हणाल ती. देश सोडून इथे क्वेकर्स हिलला आम्ही घर घेतलं तेव्हापासून ती आमची कुंपणापलीकडची शेजारीण. कुंड्यांमध्ये कालामान्सीची इवली इवली लिंबं वाढवणारी आणि कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायलाही लिपस्टिक लावून येणारी. ती एकेकाळी मनिलात सिनेमात होती हे आम्हाला कित्येक दिवस माहीतच नव्हतं. एकदा मी तिला ब्लॅकटाऊनच्या फिलिपिनो दुकानात घेऊन गेले, तर गल्ल्यावरची बाई गिऱ्हाइकांची रांग तशीच सोडून बाहेर आली आणि हिच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी बटाट्याची पिशवी धरून नुसती बघत राहिले. घरी आल्यावर तीताने टीव्हीखालचं कपाट उघडलं. ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळांमागे तिची बक्षिसं आडवी पडली होती. सगळी सहायक अभिनेत्रीची. "असं का ठेवलंयस गं?" मी विचारलं. "कारण आनाक, ही सगळी मला मरण्याबद्दल मिळालीत," ती म्हणाली. आनाक म्हणजे बाळ. मी चाळिशी ओलांडली तरी तिच्या लेखी बाळच होते.

आणि ते खरंच होतं. नायिकेची आई, नायकाची दाई, पुरात वाहून जाणारी नन... तीता पडद्यावर मरायची आणि लोक रडून थिएटर डोक्यावर घ्यायचे. मरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं असं तिचं तीच सांगायची, आणि तेही अगदी आपल्याकडे एखादी बाई माझ्यासारख्या पुरणपोळ्या कुणाला जमत नाहीत म्हणते त्या सुरात. पण मरणाच्या शॉटला तिच्या युनिटमध्ये एक नियम होता. सीन ओके झाला की दिवे हलवायचे नाहीत. ज्या कॅमेऱ्याने मरण टिपलं, त्याच कॅमेऱ्यासमोर नटीने उठायचं आणि खळखळून हसायचं. ते हसणं सिनेमात कधी दिसायचं नाही, पण घ्यायचंच. नाही घेतलं तर मृत्यूला वाटतं काम झालं, आता नुसतं घेऊन जायचं बाकी आहे. "आणि नटीला नाहीच उठता आलं तर?" हे सासूबाईंनी माझ्यामार्फत विचारलं. तीताने सांगितलं की एकदा एक तान्हं मूल मेल्याचा सीन करता करता खरोखरच झोपलं, तेव्हा त्याच्या आईने कॅमेऱ्यासमोर जाऊन त्याच्या वतीने हसून घेतलं. चालतं तेवढं.

सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि सीमा बंद झाल्यावर इथेच अडकल्या. स्वभावाने करड्या. त्यांना हसताना मी लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा पाहिलेलं नाही. दुसऱ्याचे शकुन-अपशकुन म्हणजे त्यांच्या मते खुळचटपणा, फक्त स्वतःचे तेवढे शास्त्र. पण तीताचं बोलणं मी मराठीत सांगितलं तशी त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबरच आहे. दृष्ट काढल्यासारखं ते. काढायलाच हवी." त्या दिवसापासून या दोघींचं जमलं. भाषा एक नाही, ताट एक नाही, पण कुंपणावरून कालामान्सी इकडे यायची आणि तिचं लोणचं होऊन तिकडे जायचं.

मग डेल्टाची लाट आली. आमच्या भागावर वेगळे, कडक नियम लागले, रस्त्यात सैनिक दिसू लागले, आणि रोज सकाळी अकराला टीव्हीवर आकडे ऐकायला बसायचं, हेच एक काम उरलं. नाशिकमध्ये सासूबाईंचा धाकटा भाऊ दुसऱ्या लाटेत गेला होता, त्याचं शेवटचं दर्शन त्यांनी फोनवर घेतलं होतं. तेव्हापासून त्या घरातही पदर नाकाला लावून वावरायच्या. अशा दिवसांत तीताला मनिलाहून फोन आला. तिला जीवनगौरव पुरस्कार द्यायचं ठरलं होतं, समारंभ ऑनलाइन. मी टाळ्या वाजवल्या. तीता मात्र कुंपणाला धरून उभी राहिली होती. "जीवनगौरव म्हणजे काय माहितीय? तुझ्या सगळ्या मरणांची एक फिल्म करतात आणि तुलाच दाखवतात. मला भीती वाटते, आनाक." मी हसण्यावारी नेलं. पण तिच्याबरोबर राहणारी ग्रेस हॉस्पिटलात नर्स होती, रोज कोविड वॉर्डातून घरी येत होती, आणि भीती कशाची होती हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

तिचा फोन जुनाट, म्हणून समारंभासाठी मी माझा लॅपटॉप दिला. पुसून, पिशवीत घालून, कुंपणावरून. आम्ही समारंभ नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर पाहिला. तीता फुलपाखरासारख्या उभ्या बाह्यांचा निळा झगा घालून बसली होती, आणि तिला पाहून सासूबाईंनी कानशिलांवर बोटं मोडली. मग फिल्म सुरू झाली. पलंगावर मरणारी तीता, पायरीवर मरणारी तीता, पाण्यात हात वर करून जाणारी तीता. फिल्म संपली, निवेदकाने तिचं नाव पुकारलं, तीता पुढे झुकली... आणि नेट गेलं. पडद्यावर ती तशीच थिजली. नेमके डोळे मिटलेले. निवेदक दोन गोड शब्द बोलून पुढच्या माणसाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप कुंपणावर परत आला. संध्याकाळी तीताचा फोन. तिला समारंभाचं रेकॉर्डिंग आलं होतं आणि त्यात तिचं ते शेवटचं चित्र होतं. "हसायचं राहिलं, आनाक. मी भाषण झाल्यावर हसणार होते." मी म्हटलं, "अगं मग हस की! फोनवर घे, मनिलाला पाठवू." "नाही चालत. तोच कॅमेरा लागतो." "बरं, नो वरीज. उद्या सकाळी लॅपटॉप देते." पण सकाळी ग्रेसची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि त्या घराचं दार बंद झालं. कुंपणावरून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. मधल्या फळ्यांतून तीताचा खोकला ऐकू यायचा. सासूबाई रोज दुपारी अंगणात स्टूल टाकून बसायच्या आणि खोकल्याला खाकरून उत्तर द्यायच्या. एके दिवशी पलीकडून उत्तर आलं नाही, तेव्हा त्या आत येऊन म्हणाल्या, "मंजू, मला भ्या वाटतंय गं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

अॅम्ब्युलन्स भर दुपारी आली. अंतराळवीरांसारखे झाकलेले दोन लोक तिला धरून नेत होते. आम्ही खिडकीत. तीताने वळून पाहिलं आणि दोन्ही तळहात एकमेकांवर आपटले, शॉट सुरू करताना ती फळी आपटतात ना, तसे. आल्यावर घेऊ, असं तिला म्हणायचं होतं. मी जोरजोरात मान हलवली.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाकीच्यांना लिंक. माझ्याकडे बघण्यासाठी होता तो तोच लॅपटॉप. चर्चमध्ये कॅमेरा एका जागी ठेवलेला, समोर शवपेटी, तिच्यावर पांढरी फुलं, आणि शेजारी कपाटातून पहिल्यांदाच बाहेर काढून उभी केलेली बक्षिसं. प्रार्थना झाली. लोक निघून गेले. चित्र तसंच चालू राहिलं, नुसती पेटी आणि रिकामे बाक. मी बंद करायला हात पुढे केला तर सासूबाईंनी तो घट्ट धरला.

"थांब. ती अजून उठली नाही."

"आई..."

"हाच ना गं तो कॅमेरा? याच्यातच राहिलं ना तिचं? चालू कर."

मी कॅमेरा चालू केला. सासूबाईंनी पदर नाकावरून खाली घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या हसल्या. आधी नुसतेच ओठ ताणले गेले, काही जमेना. मग मोठ्याने, तोंड उघडून, कवळी दिसेल इतकं त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबल्या नाहीत. मला आवरलं नाही. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हमसून रडले. हसणं पुरतं झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, पदर पुन्हा नाकाला लावला आणि म्हणाल्या, "आता कर बंद."

त्याला काही आठवडे झाले. लॅपटॉप टेबलावर तिथेच असतो. माझी शेवटची मीटिंग संपली की सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात, "झालं का तुझं? हसून घे मग." आणि मी, इतकी शिकलेली बाई, मुकाट्याने कॅमेऱ्याकडे बघून हसते. परवा परतीची विमानं पुन्हा लांबल्याची बातमी आली. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंजू, माझं इथेच काही झालं तर नाशिकवाले या कॅमेऱ्यातूनच बघतील. त्यांना यातलं काही माहीत नाही. तू मात्र विसरू नकोस."

काहीतरीच काय बोलता, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण हो म्हणाले.