दोन खांबांचा रुपया

मी जात्याच संशयी. भाजीवाल्यानं एक वांगं जास्त टाकलं, तरी ते किडकं असणार असं मला वाटतं. आणीबाणी उठली त्या वर्षी नाकाडोंगरीकडच्या खाणीवरून मला कमी केलं आणि हा स्वभाव आणखीच बळावला. पावसाळाभर मी गावी, कारध्याच्या घरात तोंड लपवून बसलो. पूर ओसरल्यावर वैनगंगेत जाळं टाकणारा माझा लहानपणचा दोस्त मला ओढून नदीवर घेऊन गेला. रेती चाळायची आणि पुरात वाहून आलेलं जुनं काही सापडतं का ते बघायचं. पंधरा दिवस नुसते खिळे आणि खापराचे तुकडे निघाले. उद्यापासून येत नाही, असं मी त्याला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. "आजचा दिवस चाल. आज त्या खडकापाशी चाळू."

तिथं पहिल्याच चाळणीत चांदीचं जड नाणं आलं.

भंडाऱ्यातल्या इतिहासाच्या मास्तरांनी ते भिंगाखाली धरलं. एका बाजूला डोक्याला पानं गुंडाळलेला राजा, दुसरीकडे ढाल आणि तिच्या दोन्ही अंगांना खांब. कडेला एम अक्षर, त्यावर इवलंसं गोल. "मेक्सिकोच्या टाकसाळीचं आहे. तेव्हा तिथं स्पेनचं राज्य होतं," ते म्हणाले. मग राजाच्या डोक्यावरची खरबरीत कड दाखवली. "इथं कडी झाळलेली होती. हमेलीतलं असणार."

हमेल म्हणजे आमच्याकडच्या बायांची नाण्यांची माळ. एका नाण्याची हमेल कोण घालतं? आणि खडकापाशी चाळू, हे त्यालाच कसं सुचलं? बाकीची नाणी आधीच काढून त्यानं एक माझ्या तोंडावर फेकलं होतं, याबद्दल माझी खात्री पटली. मी पाळतीवर राहिलो. त्यानं सायकलला नवे टायर घातले, तेही मनात टिपून ठेवलं.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की बाया ठेवणीतले दागिने काढतात. त्याच्या आईच्या गळ्यात हमेल होती. मी वाकून पाहिलं. तेच दोन खांब. भर मंडईत, चार लोकांसमोर मी त्याला विचारलं, "बाकीचे इथं लपवले काय?"

त्याची आईच बोलली.

"माह्या लग्नातली हाय हे, बाबू. एक रुपया निखळला होता, तो यानं मागून नेला. म्हने, दोस्ताले काहीच सापडून नाही राहिलं, तो पुन्हा घरात जाऊन बसन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खिशातलं नाणं मी पुढं केलं. त्यानं ते घेतलं आणि आईच्या पदराला गाठ मारून बांधलं.

"उद्या नदीवर जाऊ ना?" मी कसंबसं विचारलं.

"तू जाय," तो म्हणाला. "मी संग असलो का तुह्यं ध्यान रेतीवर कमी आन माह्यावरच जास्त रायते."