मोजणीनंतरचं दार

दुपारी झोपणं हे बेकार माणसांचं काम, असं मंदाकिनी कोळेकरचं ठाम मत आहे आणि गेली वीस वर्षं ती ते विद्यार्थ्यांना ऐकवत आली आहे. आज रविवारी जेवण झाल्यावर ती स्वतःच दिवाणावर आडवी झाली आहे. पोटावर अहवालाचे कागद मात्र उघडे ठेवले आहेत, म्हणजे कुणी टोकलंच तर वाचत होते म्हणता येईल. आत नवरा, प्रताप, भांडी घासतोय. भांड्यांचा आवाज हळूहळू लांब चाललाय आणि चष्म्याआडचे डोळे मिटतायत.

अहवाल उद्या सकाळी अकरा वाजता सरकारी समितीपुढे जायचा आहे. मंदाकिनी गुन्हेशास्त्र शिकवते. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मधूनमधून थोडे दिवस घरी जाऊन यायची रजा मिळते, तिचे नियम आता सगळ्या राज्याला सारखे करायचे आहेत आणि शिफारस तिने द्यायची आहे. तिने ती दिलीही आहे. जो एकदा रजेवरून उशिरा परतला, मग तो एकच दिवस का असेना, त्याची रजा तीन वर्षं बंद. तुरुंगांच्या जुन्या नोंदींवरून केलेला तिचा तक्ता तेच सांगतो. एक दिवस उशिरा आलेल्यांतले निम्मे पुढे सुटून नवा गुन्हा करतात आणि परत आत येतात. ‘नियम मोडायची सवय आधी लहान गोष्टीत दिसते,’ असं तिने तक्त्याखाली लिहिलंय. समितीच्या अध्यक्षांना ते वाक्य फार आवडलंय. तिला मात्र ते लिहिल्यापासून धड झोप नाही, आणि का ते कळत नाही.

भांडी वाजायची थांबतात. दिवाणाच्या पायथ्याशी आबा बसलेत.

आबा म्हणजे तिचे वडील, शिवराम कोळेकर, देवळखेडच्या तुरुंगाचे दारावरचे हवालदार. त्यांना जाऊन आठ महिने झालेत. अंगावर कडक इस्त्रीचा खाकी गणवेश आहे आणि पायात घरातल्या रबरी चपला. मंदाकिनीला यात काहीच वावगं वाटत नाही.

“जेवलीस का, मंदे?”

“जेवले. तुम्ही?”

“आमाला भूकच लागत न्हाई आता. तसं बरंच हाय म्हणायचं. पर तुज्या आईच्या हातचा ठेचा आठवतो.”

“थांबा, पाणी तरी आणते,” असं म्हणून ती उठते आणि स्वयंपाकघराचा पडदा सारते. पडद्यापलीकडे देवळखेडच्या तुरुंगाचं लोखंडी दार आहे. त्यात वाकून जाण्याएवढा छोटा दिंडी दरवाजा, बाहेर कडुनिंब, निंबाखाली बसायचा दगड. उन्हं कलली आहेत. मंदाकिनीच्या वेणीला शाळेची लाल रिबीन आहे आणि नाकावर तिचा आजचाच जाड चष्मा. हातात पाण्याचा तांब्या कसा आला, ते तिला आठवत नाही.

दगडावर एक तरणा माणूस बसलाय. मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं आहे. तो घटाघटा पाणी पितो, गाठोडं सोडतो, आतली दशमी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवतो. दशमी अजून मऊ आहे.

“वळखलंस का?” मागून आबा विचारतात.

“बबन टकले,” ती म्हणते. तिच्या तक्त्यातलं ते नाव आहे. एक दिवस उशिरा, सुटल्यावर चोरी, पुन्हा दाखल. त्या नावाला चेहरा आहे, आणि तो चेहरा लहानपणी शाळेला जाताना आपण सकाळी याच दगडावर पाहिला होता, हे तिला आता आठवतंय. तेव्हाही त्याने अर्धी दशमी दिली होती. ती खाऊन ती शाळेत गेली आणि विसरून गेली.

“हा कधी आला, आबा?”

“आदल्या सांजंला. शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतारला आन चालत आला. दिस बुडता बुडता दारात हजर.”

“म्हणजे वेळेत आला की.”

“आला की. पर कैद्यांची सांजंची मोजणी झाली व्हती.” आबा दाराकडे बघत बोलतात. “मोजणी झाली, बराकींना कुलपं लागली, की दार उघडायचं न्हाई. नियमच तसा. त्यो म्हणला, हवालदारसायेब, म्हातारी लौकर सोडंना वो, घ्या की आत. म्या म्हणलं, बस भाईर. सकाळी आत घेतला आन वहीत लिवलं, एक दिवस उशिरा.”

“तुम्ही लिहिलंत?”

“दारावर मीच व्हतो. दुसरं कोण लिवणार?”

तिच्या हातातली दशमी जड झालीय. ती खाली ठेवायला जागा शोधते, तर समोर लांबच लांब चकचकीत टेबल आहे, समितीचं. खुर्च्यांवर साहेबलोक बसलेत, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि तिचा अहवाल. टेबलाच्या मधोमध तो दगड आहे आणि बबन त्यावर पाय जवळ घेऊन बसलाय, कुणाचा धक्का लागू नये अशा बेताने. “बाई, जरा कडक असू द्या,” अध्यक्ष म्हणतात आणि बाटलीचं झाकण फिरवतात. आबा दाराशी उभे आहेत. साहेबांसमोर ते कधीच बसले नाहीत.

“आबा, बसा ना.”

“ऱ्हाऊ दे. एक इचारू का? तू कालिजात शिकवतीस ते नेमकं काय गं? कधी इचारलं न्हाई. वाटायचं, आपल्याला कळलं न्हाई तर पोरीला वाईट वाटंल.”

या माणसाने दर महिन्याला फोन केला, पाऊसपाणी विचारलं, नातवाचे मार्क विचारले आणि हे एवढंच विचारायचं राहून गेलं.

“सोपं आहे, आबा. माणूस घराला, आईला, बायकोला, कामाला बांधलेला असला, की वाकडं पाऊल टाकताना बिचकतो. ते धागे तुटले, की बिचकायचं कारण उरत नाही. आणि दुसरं असं, की चारचौघांनी एखाद्याला बदमाश ठरवलं, सारखं तसंच वागवलं, की हळूहळू तोही स्वतःला तसाच समजायला लागतो.”

“आन ह्याच्यासाठी तुमी येवढी जाड पुस्तकं वाचता?”

“हो.”

“ह्ये तर मला बी ठावं व्हतं,” आबा म्हणतात. ती हसते, तेही हसतात, आणि अध्यक्ष दोघांकडे रागाने बघतात.

मग आबा हळूच म्हणतात, “आता बबनचं सांग.”

ती सांगायला लागते. एक दिवस उशीर, म्हणून देवळखेडच्या साहेबांनी तीन वर्षं त्याची रजा बंद केली. दुसऱ्या वर्षी आई गेली, त्याला माती द्यायला जाता आलं नाही. बायको माहेरी गेली ती गेलीच. सुटून आला तेव्हा घराला कुलूप होतं आणि गावाने पळपुटा कैदी म्हणून कामाला उभं केलं नाही. मग चोरी. हे सगळं तिच्याकडे कागदोपत्री होतं, वेगवेगळ्या रकान्यांत. बोलता बोलता तिची जीभ अडखळते.

“मी उलटं वाचलं, आबा. उशिरा येणारा मुळातच बिघडलेला असतो, असं लिहिलं मी. याला उशीर झालाच नव्हता. आपण तसं लिहिलं, त्याचं घर तोडलं आणि मग तो बिघडला. असे किती असतील तक्त्यात, शेवटच्या एसटीचे?”

“लई असतील. माज्याच दारातले लई हायेत.”

“हे लिहायचं तर तुमच्या नोंदी चुकीच्या म्हणाव्या लागतील. कोळेकर हवालदाराची वही म्हणजे चोख, असं अजून म्हणतात तिथे.”

“वही चोखच हाय. माणूस आल्याला येळ तेवढा लिवला न्हाई म्या, दार उघाडल्याला येळ लिवला. तू आता दुसरा लिव.”

“लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“ठेवू देत की. मला आता कुटं बदलीला पाठिवणार हायेत?”

टेबल, साहेब, बाटल्या कुठे गेल्या, कळत नाही. निंबाखालच्या दगडावर ते दोघंच बसलेत. दिवस बुडायला आलाय, पण बुडत नाही. आबांचा हात तिच्या वेणीवर आहे.

“दार उघडायला दोन मिन्टं लागली असती, मंदे. मनात आलतं. किल्ली हातात घेतलीवती. पर भ्यालो. नोकरी गेली आसती तर सरकारी कॉटर सुटलं आसतं, तुजी शाळा सुटली आसती.” ते थांबतात. “शिकलीस. चांगलं झालं. पर त्याची म्हातारी वाट बघून गेली, ह्ये बी खरं.”

ती लहानपणी टेकवायची तसा गाल आबांच्या खांद्यावर टेकवते. खांद्यावरचा पितळी नंबर गालाला रुततोय, गार लागतोय. तिला तिथून हलायचं नाहीये.

“लिव जा,” आबा म्हणतात. “उजाडायची वाट बघू नगंस.”

“अगं, चहा,” प्रताप म्हणतोय.

ती उठून बसते. कागद जमिनीवर पसरलेत. खिडकीत साडेचारचं ऊन आहे.

“आबा आले होते,” ती म्हणते आणि रडते. प्रताप कप खाली ठेवून शेजारी बसतो. तिने डोळे पुसून मान वर केल्यावर तो तिच्या गालाकडे बघत राहतो.

“हे काय उमटलंय? कशावर झोपली होतीस?”

उशी मऊ आहे, तिचा अभ्रा साधा, सुती. मंदाकिनी आरशापुढे जाते. डाव्या गालावर तीन खोलगट आकडे आहेत, गालावर उलटे उमटलेले, म्हणून आरशात सरळ वाचता येणारे. चारशे सतरा, आबांचा नंबर.

ती चहा तसाच ठेवून टेबलाशी बसते, अध्यक्षांना आवडलेलं वाक्य खोडते आणि लिहायला घेते. ‘या तक्त्यातल्या काही नोंदी माझ्या वडिलांनी केलेल्या आहेत. त्या दार उघडल्याच्या वेळेच्या आहेत, माणूस आल्याच्या वेळेच्या नाहीत.’ डावा हात गालावरच आहे. आकडे अजून बोटांना लागतायत.