खोडायचं, पण खालचं वाचता आलं पाहिजे

डॉ. अनंत ठोसर सरांकडे मी प्रथम गेले ती नोकरी मागायला. दंतवैद्यकाची पदवी नवी होती आणि नुकतीच शिंगं फुटली होती. रोह्याहून एसटीने पेणला पोचले. सरांनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. कोरं कार्ड पुढे ठेवलं आणि आरशात माझेच दात तपासून लिहायला सांगितलं. एक आकडा चुकला म्हणून मी व्हाइटनर मागितला. तो या दवाखान्यात मिळत नाही, असं उत्तर आलं. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. गणपतीच्या कारखान्यात रंगावर रंग चढतो, कार्डावर नाही, हे सरांनी मला पुढेही अनेकदा सुनावलं.

पेशंटचं कार्ड म्हणजे पेशंटची अब्रू, असं सर मानतात. एकदा एक बाई होऊ घातलेल्या सुनेचा पुढचा दात खरा की बसवलेला, हे विचारायला आल्या. सरांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की उद्या तुमच्या दातांची चौकशी करायला कोणी आलं, तर त्यालाही नुसता चहाच मिळेल. बाईंनी पटकन तोंडाला पदर लावला.

पण सर मला खरे कळले ते नमीबाईंच्या दाढेमुळे. नमीबाई मिठागरात काम करत. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडलेल्या, दुखत होती उजवी. मी एक्स-रेची फिल्म उलटी धरली आणि डावी काढली. सुई डावीकडे टोचली तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं, पण डॉक्टरला जास्त कळतं म्हणून त्या गप्प राहिल्या. दोन्ही काढायच्याच होत्या असं म्हटलं असतं, तरी त्यांनी मान डोलावली असती. माझी नोंदणी जाणार या भीतीने मी कार्डावरच्या 'उजवी'चं 'डावी' करायला पेन टेकवलं. मागे सर उभे होते.

"कार्ड घेऊन त्यांच्यासमोर बसा," ते म्हणाले. "शेजारी मी बसतो."

मी सगळं सांगितलं. ती दाढ भरून वाचली असती, हेही. सरांनी कार्डाची आणि एक्स-रेची प्रत नमीबाईंच्या हातात दिली, तक्रार कुठे करायची ते समजावलं आणि दवाखाना माझा आहे, माझंही नाव घाला, असं बजावलं. मला रडू आवरेना.

नमीबाईंनी दाबलेला कापूस तोंडातून काढला. मग म्हणाल्या, "खरा सांगलंस. आता दुखते ती पन तूच काढ गो. पन आधी मना विचार."

तेव्हापासून सरांकडे, आणि आज रोह्यातल्या माझ्या दवाखान्यातही, पेशंट दुखऱ्या दातावर स्वतः बोट ठेवतो, मगच सुई. अशा गुरूंची मी शिष्या आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हे लिहिण्याआधी मी नमीबाईंची परवानगी घ्यायला गेले. न विचारता लिहिलं असतं, तर सरांनी या लेखावरही रेघ मारली असती.

"लिव," नमीबाई म्हणाल्या. "पन चुकीची दाढ काढलीस, ता पन लिव."

लिहिलं आहे, सर. आपण शंभरी गाठा, आणि स्वतःच्या दातांनी ऊस सोलत गाठा.